प्रवास उंबऱ्यापासून मोजा

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात, येताना त्याहून तास-दीड तास कमी. नंदुरबारला स्टेशनजवळ माझे तिकिटांचे दुकान आहे, म्हणून हे आकडे तोंडपाठ. रेल्वेचे आरक्षण, ट्रॅव्हल्सच्या सीट आणि विमानाची तिकिटे, तिन्ही एकाच टेबलावर. वडील बसायचे तेव्हा विमानाचे गिऱ्हाईक क्वचित यायचे. आता शहाद्याकडच्या शेतकरी घरांतली मुलेमुली अमेरिकेत, कॅनडात आहेत. अक्कलकुव्याहून उमऱ्याला जाणारी कुटुंबे येतात. धडगाव-तळोद्याची पोरे सैन्यात, निमलष्करी दलांत आहेत; सुट्टीवर येता-जाता तीही विमान धरतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो : "ताई, कितला तास लागतीन?"

या प्रश्नाचे खरे उत्तर तिकिटावर छापलेले नसते, आणि ते कुठेही छापलेले नसते, हेच मला आज सांगायचे आहे.

तिकिटावर दोन वेळा असतात. समजा रात्री दोनला मुंबईहून निघून सकाळी आठला न्यूयॉर्क. पहिल्यांदा जाणारे आई-वडील बोटांवर मोजतात आणि म्हणतात, सहाच तास? निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची आणि पोहोचायची न्यूयॉर्कच्या, हे समजावून सांगावे लागते. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहाचा. तो मिळवला की साडेपंधरा तास होतात. शिवाय कंपनी हे तास धरते ते विमान जागेवरून हलल्यापासून तिकडच्या जागेवर उभे राहीपर्यंत. धावपट्टीपर्यंतची चाल, रांगेत थांबणे, उतरल्यावर गेटपर्यंतचे रांगणे, सगळे त्यात आलेले असते. कंपनीने आपला प्रवास काटेकोर मोजलेला असतो. प्रवाशाचा मोजलेला नसतो.

दुसरा प्रश्न अंतराचा. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या थेट पश्चिमेला दिसते, तेव्हा विमान अरबी समुद्र, आफ्रिका आणि मग अटलांटिक असे जात असेल, असे बऱ्याच जणांना वाटते. माझ्या टेबलावर शाळेतला पृथ्वीगोल ठेवलेला आहे. दोरा मुंबईवर धरून न्यूयॉर्कवर ताणला की तो आफ्रिकेकडे वळतसुद्धा नाही. सरळ वायव्येला चढतो, युरोपच्या उत्तर भागावरून जातो आणि कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. गोलावरची सर्वांत जवळची वाट हीच. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला पहिले थेट विमान आणले तेही उत्तर ध्रुवावरून. मुलींना हा दोरा दाखवताना मला फार आनंद होतो.

पण जवळची वाट लवकरची असतेच असे नाही. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिकवरून जायचे, सुमारे तेरा हजार नऊशे किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून पंधरा हजार तीनशेच्या घरात गेले आणि वेळ मात्र दोनेक तासांनी कमी झाला, कारण त्या उंचीवरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि ते विमानाच्या पाठीशी आले. चौदाशे किलोमीटर जास्त उडून माणूस लवकर पोहोचला. अंतराच्या आकड्यावरून प्रवास कळत नाही याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता हाच हिशेब आपल्या जिल्ह्याला लावून बघा.

नंदुरबार ते मुंबई सरळ रेषेत तीनशे किलोमीटरसुद्धा भरत नाही. धुळ्यावरून रस्त्याने गेलात तर चारशेच्या वर, सुरतवरून रेल्वेने गेलात तर सव्वाचारशेच्या आसपास. घरातून निघून मुंबईच्या विमानतळाच्या दारापर्यंत पोहोचायला नंदुरबारकराला नऊ तास धरावे लागतात, शहाद्याच्या माणसाला दहा. मुंबईहून उडालेले विमान तेवढ्या वेळात लंडनला उतरते, म्हणजे सव्वासात हजार किलोमीटर पार करते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेले आणि त्या प्रवासाला दिवसाहून जास्त वेळ लागला. आज तो एका दमात होतो. लंडन मुंबईच्या इतके जवळ आले, नंदुरबार आले नाही.

रेल्वेत काहीच झाले नाही असे मी म्हणणार नाही. तापीकाठचा हा मार्ग शंभराहून अधिक वर्षांचा जुना आहे. उधना–जळगाव हा तीनशे सहा किलोमीटरचा पट्टा दुहेरी झाला, त्याचे लोकार्पण १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात झाले आणि त्याच दिवशी भुसावळ–वांद्रे खान्देश एक्सप्रेसला हिरवा झेंडा मिळाला. पूर्वी क्रॉसिंगसाठी एकेका स्टेशनावर गाडी उभी राहायची, तो त्रास संपला. हे काम मोठे आहे आणि त्याचा फायदा मी रोज बघते.

अडचण वेळापत्रकाची आहे. आपल्याकडून मुंबईला जायची सोय मुख्यतः रात्रीची. गाडी असो की ट्रॅव्हल्स, संध्याकाळी किंवा रात्री निघायचे आणि पहाटे मुंबईत उतरायचे. दवाखान्यासाठी, मंत्रालयासाठी, अमेरिकी वकिलातीतल्या मुलाखतीसाठी ही वेळ चांगली. विमानासाठी मात्र ती उलटी पडते. युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकडे सकाळी पोहोचावे, पुढची विमाने मिळावीत, म्हणून ती वेळ ठरलेली आहे. फ्रँकफुर्टसारख्या विमानतळावर रात्री अकरा ते पहाटे पाच ये-जा बंद असते, हेही एक कारण. त्यामुळे आपला माणूस पहाटे पाचला मुंबईत उतरतो आणि त्याचे विमान रात्री दोनला असते. मधले वीस-एकवीस तास तो काय करणार? नातेवाईक असले तर त्यांच्याकडे जातो, नाहीतर लॉज घेतो. तेही परवडले नाही तर दोन मोठ्या बॅगा घेऊन स्टेशनच्या प्रतीक्षागृहात बसतो. बॅगांत तिखट, बिबड्या, ज्वारीचे पापड असे तेवीस-तेवीस किलो भरलेले. त्या सोडून हलताही येत नाही. सत्तरीच्या जोडप्यांना मी असे पाठवते तेव्हा जिवाला चैन पडत नाही. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईचा प्रवास शहाद्याहून न्यू जर्सीपर्यंत दोन दिवसांचा होतो आणि त्यातले विमानाचे तास निम्म्याहून कमी असतात.

एका गिऱ्हाइकाने हे टाळायला सकाळची गाडी धरली, सुरतला बदलायचे ठरवले. पहिली गाडी उशिरा आली, सुरतची सुटली, तो विमानतळावर पोहोचला तेव्हा काउंटर बंद झाले होते. आंतरराष्ट्रीय विमानाचे काउंटर तासभर आधी बंद होते, काही विमानांचे त्याहूनही आधी. तिकिटाचे पैसे बुडाले. दोन वेगळी तिकिटे, दोन वेगळी खाती. एकाच्या उशिराशी दुसऱ्याचा संबंध नाही.

म्हणून मी गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइकांना जमेल तेव्हा सुरतचा रस्ता सुचवते. नंदुरबारहून सुरत किंवा उधना तीन तासांच्या आसपास, तिथून विमानतळ जवळ. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतच्या विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, नवे टर्मिनल उघडले, दुबईचे विमान सुरू झाले. शारजाचे त्याआधीपासून होते. सुरत ते दुबई सुमारे साडेअठराशे किलोमीटर, तीन तासांचे उड्डाण. दिल्ली साडेनऊशे किलोमीटर, दोन तासांच्या आत. दिल्लीहून किंवा दुबईहून एकाच तिकिटावर पुढे जाता आले तर मुंबईतला तो वीस तासांचा मुक्काम वाचतो.

पण सुरत गुजरातेत आहे आणि इथेच सगळे अडते. आपले सरकार मुंबई, नाशिक, जळगाव, शिर्डी यांचा विचार करते. गुजरातचे सरकार आपल्या जिल्ह्यांचा. नंदुरबारचा माणूस दवाखान्याला सुरतला जातो, कापड घ्यायला सुरतला जातो, मजुरीला बार्डोलीकडच्या ऊसतोडीवर जातो. त्याच्या आयुष्यात ही सीमा फारशी नसते. नवापूरचे स्टेशन तर निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे, आणि तिथे उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत होते. रेल्वेने हे वास्तव कधीच मान्य केले. प्रवासाची आखणी करणाऱ्या बाकीच्या खात्यांनी अजून केलेले नाही. नंदुरबारहून सुरतला बस आहेत, पण विमानतळाच्या दारात, विमानाच्या वेळा बघून जाणारी बस नाही.

कर्नाटकात बघा. म्हैसूरहून बंगळूरच्या विमानतळापर्यंत, पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर, तिथल्या एसटी महामंडळाची 'फ्लायबस' कित्येक वर्षे चालते. म्हैसूरचा माणूस घराजवळ बसतो आणि टर्मिनलसमोर उतरतो. नंदुरबार–सुरत विमानतळ अंतर साधारण तेवढेच. नवापूर, सोनगढ, व्यारा, बार्डोली असा चांगला महामार्ग आहे. कमी आहे ती कुणीतरी ठरवण्याची.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यातसुद्धा सगळ्यांचे तास सारखे नाहीत. नंदुरबार शहराचे मी सांगितले ते सर्वांत सोपे. धडगाव तालुक्यातला एक जवान माझे नेहमीचे गिऱ्हाईक. वडील गेल्याचा निरोप त्याला काश्मिरात मिळाला. त्याच्यासाठी श्रीनगर–दिल्ली, दिल्ली–सुरत अशी तिकिटे मी काढली. दुपारी निघालेला तो रात्री सुरतला उतरला. तिथून पुढे मिळेल ती गाडी, मग नंदुरबारहून जीप, मग घाट, मग पाड्यापर्यंत पायवाट. तो घरी पोहोचला तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार टळून गेली होती आणि वडिलांना अग्नी देऊन झाला होता. श्रीनगर ते सुरत हा प्रवास सुरत ते त्याचा पाडा या प्रवासाच्या निम्म्या वेळात झाला. दुकानात परत आला तेव्हा त्याने कुणाला दोष दिला नाही. मी तो देते. तो रस्ता वर्षानुवर्षे तसाच ठेवणाऱ्या सर्वांना देते.

चांदसैली घाट हा तळोदा आणि धडगाव जोडणारा. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे दरड कोसळून वाट बंद झाली होती. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एक माणूस दवाखान्याकडे निघाला आणि ती वाटेतच गेली. ती बातमी महाराष्ट्रभर छापून आली. सातपुड्याच्या पाड्यांवर बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खाली आणतात, त्याला आता 'बांबुलन्स' असे नावही पडले आहे. नर्मदाकाठच्या गावांना धरणाच्या पाण्यातून बोटीने दवाखाना गाठावा लागतो. विमानाच्या विषयात हे कुठून आले, असे कुणी विचारील. माझ्या टेबलावर हे वेगळे येतच नाही. जवान याच घाटातून येतो, नर्सिंगची मुलगी याच घाटातून परीक्षेला जाते, रोगी याच घाटातून उतरतो.

एक तुलना मनातून जात नाही. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी विमाने वळसा घालून जाऊ लागली, काहींना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावे लागले. दोनच दिवसांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना कळवले : प्रवाशांना बदललेला मार्ग आणि वाढलेला वेळ आधी सांगा, खाण्यापिण्याची व औषधोपचाराची सोय वाढवा. हे योग्यच झाले. आकाशातली वाट लांबली तर प्रवाशाला आधी सांगायचे, त्याला उपाशी ठेवायचे नाही, एवढी समज आपल्या यंत्रणेत आहे. मग चांदसैली घाट बंद झाला तर धडगावच्या स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला तीच माहिती का मिळू नये? किती तास जादा लागतील, दुसरी वाट कोणती, रुग्णवाहिका कुठे उभी आहे, हे त्याला कोण सांगते? तो तिथे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो.

जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ हवा, असेही अधूनमधून कुणीतरी म्हणते. टाळ्या मिळतात. माझा धंदा तिकिटांचा, तरी मी या मागणीच्या बाजूने नाही. शेजारी जळगावचा विमानतळ २०१२ मध्ये सुरू झाला. त्यानंतर तिथली सेवा कितीदा सुरू झाली आणि कितीदा थांबली हे खान्देशाने पाहिले आहे. महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये 'उडान' योजनेवर अहवाल दिला. पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या सातशे चौऱ्याहत्तर मार्गांपैकी चारशे तीन सुरूच झाले नाहीत. जे तीनशे एकाहत्तर सुरू झाले त्यांतले फक्त एकशे बारा मार्ग अनुदानाची तीन वर्षे पुरी करू शकले, आणि त्यापुढे टिकले ते चोपन्न. नंदुरबारला धावपट्टी झाली तरी पाड्यापासून त्या धावपट्टीपर्यंतचा रस्ता तोच राहणार. २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेसोळा लाखांच्या आत लोकसंख्या, त्यातले दहात सात आदिवासी, केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून नाव. अशा जिल्ह्याने आपला पैसा आधी कुठे घालावा, याचे उत्तर मला अवघड वाटत नाही.

मला हवे आहे ते याहून पुष्कळ स्वस्त आहे. शहादा आगारातून निघून नंदुरबार, नवापूरमार्गे सुरत विमानतळाच्या टर्मिनलपर्यंत जाणारी आणि तशीच परत येणारी एसटी. दिल्ली आणि दुबईच्या विमानांच्या वेळा बघून, दिवसातून दोन फेऱ्या. सुरुवातीला सीट रिकाम्या जातील, पण याच बसने रोगी आणि विद्यार्थीही जातील. नंदुरबारहून दुपारी निघून रात्री नऊ-दहापर्यंत मुंबईत पोहोचणारी रोजची गाडी, म्हणजे मध्यरात्रीनंतरचे विमान त्याच रात्री धरता येईल. चांदसैली घाटात दरडींचा पक्का बंदोबस्त, आणि पावसाळ्यात घाट उघडा की बंद हे रोज सकाळी धडगाव, तळोदा आणि नंदुरबारच्या स्टँडवर लावलेला फलक.

आणि एक गोष्ट जिल्हा प्रशासनाने विनाखर्च करावी. सहाही तालुक्यांच्या ठिकाणांहून सुरत, जळगाव, नाशिक आणि मुंबई या विमानतळांच्या दारापर्यंत आज खरोखर किती तास लागतात, त्याचा तक्ता करावा; पावसाळ्यातला वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा. तो दरवर्षी जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवावा. विमान कंपनीला आपले पंधरा तास मिनिटापर्यंत मोजता येतात, तर जिल्ह्याला धडगाव ते नंदुरबार मोजता येईल. तास कागदावर आले की ते कमी झाले की वाढले, हे दरवर्षी विचारता येते.

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगावच्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरातले कुणी विमानाने गेले-आले असेल तर घर सोडल्याची वेळ, विमानतळाच्या दारात पोहोचल्याची वेळ आणि वाटेत कुठे किती थांबावे लागले, एवढे एका कागदावर लिहा आणि आपल्या तहसील कार्यालयात अर्जासोबत द्या. एसटीच्या आगारप्रमुखांनाही एक प्रत द्या. सुरत विमानतळाच्या बसची मागणी मी माझ्या नावाने करणार आहे. तुमचे कागद सोबत असतील तर तिला वजन येईल.